दुसऱ्या कडव्यातली चीर

ह्युबर्टच्या घराच्या आणि माझ्या घराच्या मध्ये दगडांचा एक गडगा आहे, कमरेएवढा. हा गडगा गुरं अडवतो, कोंबड्या अडवत नाही आणि आवाज तर मुळीच अडवत नाही. त्यामुळे ह्युबर्टच्या घरी वाजलेली प्रत्येक रेकॉर्ड मी ऐकली आहे, मला हवी असो वा नसो. मी उभा जन्म एस.टी.त कंडक्टर म्हणून काढला. निवृत्त होऊन मालवणच्या घरी येऊन बसलो तेव्हा म्हटलं, आता कानांना जरा विसावा. पण शेजार कुणाचा, तर ह्युबर्टचा!

ह्युबर्टचा पूर्वी लाऊडस्पीकरचा धंदा होता. लग्न, गणपतीची चवथ, जत्रा, नाताळ, ज्याला म्हणून कर्णा लागे त्याला ह्युबर्ट लागे. पुढे कपाटाएवढे बॉक्स घेऊन तरुण पोरं आली आणि ह्युबर्टचे कर्णे पडवीत जाऊन पडले. त्यातल्या एकात ईडाने, म्हणजे त्याच्या बायकोने, माती भरून अबोली लावली आहे. ती छान फुलते, पण ह्युबर्ट तिच्याकडे पाहायचं टाळतो.

कर्णे गेले तरी रेकॉर्डी राहिल्या आणि त्या धुण्याची त्याची खोडही राहिली. हल्ली लोकांना जुन्या रेकॉर्डींचं पुन्हा वेड लागलंय. कुणाचा तरी माळा साफ होतो, आजोबांची पेटी निघते, आणि विजयदुर्गापासून बांद्यापर्यंतची माणसं पिशव्या घेऊन आमच्या पाणंदीत विचारत फिरतात, "ते रेकॉर्डी धुणारे खंय रवतत?" मी गडग्यावरून बोट दाखवतो. तेवढं काम मला मिळालेलं आहे.

आमच्या हवेत रेकॉर्ड सुखाने जगत नाही. पावसाळ्यात कव्हराला बुरशी धरते आणि तिथून ती रेकॉर्डीच्या रेघांत उतरते. उन्हाळ्यात लाल माती, आणि बाराही महिने खारा वारा. शिवाय आमची माणसं आहेतच. एका बाईंनी नवऱ्याच्या रेकॉर्डींना दर मे महिन्यात खोबरेल चोपडून ठेवलं होतं, पावसात गंजू नयेत म्हणून. त्या पाठमोऱ्या झाल्यावर मी पोट धरून हसलो. ह्युबर्ट हसला नाही. "मायेन लावल्यान तिना," तो म्हणाला, "जातला ता." आणि घालवलंही त्याने.

त्याचं धुणं बघत बसण्यासारखं असतं. पाणी विहिरीचं चालत नाही, ते वाळलं की मागे पांढरे डाग ठेवतं. त्याला गॅरेजवाल्याकडचं बॅटरीचं पाणी लागतं. त्यात भांड्यांच्या साबणाचे दोन-चार थेंब. रेकॉर्डीच्या मधल्या गोल कागदावर दोन्हीकडून डब्याची झाकणं दाबायची, म्हणजे कागद भिजत नाही. मग दाढीचा मऊ ब्रश घेऊन रेघांच्या वळणाने गोल गोल जायचं. आडवा हात कधीही मारायचा नाही. पुसायला माझ्या वडिलांचं मलमलचं धोतर आहे. जन्मभर ज्यांना गाण्यातलं ओ की ठो कळलं नाही, त्यांचं धोतर असं गाण्याच्या सेवेला लागलं. आणि वाळायला रेकॉर्डी ईडाच्या ताटाळ्यात उभ्या राहतात. त्यावरून त्या घरात लग्नापासून भांडण चालू आहे. "जेवच्यो प्लेट्यो जमनीर आनी गाण्याच्यो ताटाळ्यात! खंय बघलास असां घर, दत्ताभाऊ?" ईडा मला विचारते. मी कुणाचीच बाजू घेत नाही, कारण चहा दोघंही देतात.

सुईचं काम त्याहून नाजूक. घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावून, श्वास धरून, तो चिमटीएवढ्या ब्रशने सुई झाडतो. नेहमी मागून पुढे, रेकॉर्ड जशी सुईखालून सरकते तशी. "उलटो हात मारलंस काय मोडली," म्हणतो. त्या वेळी त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, ईडानेसुद्धा नाही, आणि प्लेअरला हात तर कुणीच लावायचा नाही.

एवढं झालं की रेकॉर्ड वाजवून बघायची. खरखर राहिली असली तर ती पुन्हा पाण्यात जाते. नुसत्या धुळीची रेकॉर्ड एका धुण्यात येते, तेलातुपाची तीन-चार धुणी खाते. कधी थांबायचं हे साबण सांगत नाही, ब्रश सांगत नाही. ते ह्युबर्टचा कान सांगायचा.

गिऱ्हाइकाला तो एक गोष्ट आधीच बजावायचा. "चुरचुर, खरखर वाजता ती घाण. ती धुवून जाता. पन टक, टक, टक असां एका मापात वाजला, तर ती चीर. ती जावची नाय. देव इलो तरी जावची नाय." हे मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन.

आणि चिरेचा विषय निघाला की ईडा हसायची, कारण त्यांचं लग्नच एका चिरेवर जमलेलं आहे.

ईडा बांद्याची. ख्रिस्ती घरात लग्नाच्या आदल्या दिवशी नवऱ्यामुलाला, नवऱ्यामुलीला नारळाचा रस लावून न्हाऊ घालतात, त्याला रोस म्हणतात. ईडाच्या माहेरी रोसाला एकच रेकॉर्ड वाजते. छोटी रेकॉर्ड आहे, त्यावर नवरीला निरोप देणारं एक कोकणी गाणं. ईडाच्या थोरल्या बहिणीच्या रोसाला तरुण ह्युबर्ट आपले कर्णे आणि प्लेअर घेऊन गेला होता. गाणं दुसऱ्या कडव्यात आलं आणि नारळाच्या रसाचं पातेलं घेऊन ईडा मंडपात आली. ह्युबर्टने सुईकडे बघायचं सोडून भलतीकडेच बघितलं, कोपर लागलं आणि सुई रेकॉर्डीवरून फरफटत गेली. भर मंडपात असा आवाज झाला की भटजी असते तर मंत्र विसरले असते, असं मी म्हणतो. पाद्री नक्की दचकले होते. वर्षभराने ह्युबर्टचं ईडाशी लग्न लागलं तेव्हा तिचे वडील त्याला सर्वांदेखत म्हणाले, "रेकॉर्ड खराब केलंस, आता चेडू तरी नीट सांभाळ."

तेव्हापासून त्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात टक-टक वाजतं. बांद्याच्या घरातली पोरं त्या टक-टकवर टाळ्या देतात. त्यांना वाटतं, गाणं तसंच आहे.

यंदा चवथ उलटली आणि एका तिन्हीसांजेला ह्युबर्ट गडग्याशी येऊन म्हणाला, "दत्ता, यंदा रातकिडे खंय गेले रे?"

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. रातकिडे असे किंचाळत होते की त्याचं बोलणं मला धड कळत नव्हतं. कारणही त्यानेच शोधून काढलं. आंब्याच्या बागांवर औषधं मारतात, त्याने मेले असणार. मी हो म्हटलं. मग ईडाच्या कुकरच्या शिट्ट्या त्याला ऐकू येईनात आणि डाळ करपायला लागली. त्याचं खापर त्याने कुकरच्या रबरावर फोडलं.

आणि मग गडग्यावरून यायच्या त्या धुतलेल्या रेकॉर्डी खरखरायला लागल्या. आधी थोड्या, मग चांगल्याच. ह्युबर्ट मात्र रोज जास्त खूश. "नव्या साबणान कमाल केल्यान, दत्ता! पयली तीन धुणी लागत, आता एका धुण्यात साफ!" सुईवर कचऱ्याचा पुंजका धरलेला दिसला की तो भिंगातून मला दाखवायचा, "बघ, उरलीसुरली घाण सुई काढता." डोळे शाबूत होते त्याचे. हातही शाबूत होते. मी धुवायला दिलेली नाट्यगीताची रेकॉर्ड परत आली, ती मी घरच्या जुन्या प्लेअरवर लावली, तर बुवा जणू भज्यांच्या कढईशेजारी बसून गात होते. दुसऱ्या दिवशी ह्युबर्टने विचारलं, "कशी इली?" मी म्हटलं, "फस्क्लास." दुसरं काय म्हणणार? दारू पिऊन चढलेल्या माणसाला मी घाटात एस.टी.तून उतरवलेला आहे, पण हे माझ्याने होईना.

एकदा ह्युबर्ट बाजारात गेलेला असताना ईडाने मला त्यांच्या पडवीत बोलावलं. "दत्ताभाऊ, तुमकाय आयकूक येता मां ती खरखर?"

मी मान हलवली.

"तेका सांगू नकात हां. मी सांगतलंय कधीतरी. लोकांच्यो चीजवस्तू खराब जातत तशा नाय, पन…" ती थोडा वेळ अबोलीची वाळकी फुलं खुडत राहिली. "कान गेले म्हणान कळला तर तो रेकॉर्डीक हात लावचो नाय. मगे रवतला काय तेच्याकडे? नुसतो बसान रवतलो."

असं म्हणता म्हणता नाताळ आला आणि गेला. ईडाला ते 'कधीतरी' काही सापडलं नाही. जानेवारीत मात्र बांद्याहून ग्लेनिशा आली. ती ईडाच्या धाकट्या भावाची मुलगी, आणि लग्न आता तिचंच होतं. तिच्या पिशवीत ती रोसाची रेकॉर्ड होती.

"अंकल, जेरीच्या रोसाक हिच्यार नारळाच्या रसाचा पातेला पडला," ती म्हणाली. जेरी तिचा भाऊ. "आमी फडक्यान पुसली आनी ठेवन दिली. आता बगा."

रेकॉर्डीवर पांढरट साय धरल्यासारखं दिसत होतं आणि तिला खवट वास येत होता. नारळ आम्ही कशालाही लावतो हे खरं, पण गाण्याला लावलेला मी पहिल्यांदाच बघितला.

"शनिवारी माझो रोस," ग्लेनिशा म्हणाली. "ही वाजली नाय तर मी उठान न्हाणयेत जाऊन बसतलंय, सांगान ठेवतंय."

"वाजतली गो बाय," ह्युबर्ट म्हणाला. "प्लेअरय माझोच घेवन येतंय."

ईडाने माझ्याकडे बघितलं. तिच्या मनात काय आलं ते मला कळलं. शनिवारी ती रेकॉर्ड मोठ्या स्पीकरवर वाजणार. ईडाचं सगळं माहेर, बांद्याची सगळी वाडी तिथे असणार. एका धुण्यात ह्युबर्ट ती साफ ठरवणार आणि त्याचे कान गेले हे त्याला भर मंडपात, लोकांच्या चेहऱ्यांवरून कळणार. ज्या मंडपात त्याला बायको मिळाली त्याच मंडपात.

गुरुवारी दुपारी मी मुद्दाम चहाला गेलो. ईडा शिवणाच्या मशीनवर ग्लेनिशाच्या ब्लाउजला लेस लावत होती. रेकॉर्ड धुऊन ताटाळ्यात वाळत होती. दिसायला काळीभोर, चकचकीत. ह्युबर्टने ती प्लेअरवर ठेवली, सुई झाडली आणि अलगद सोडली.

गाण्याआधी खरखर आली, गाण्याबरोबर खरखर आली, बाईचा आवाज मधूनमधून तिच्यातून डोकं वर काढत होता. ह्युबर्ट डोळे मिटून बोटाने ठेका धरत होता. दुसरं कडवं आलं. टक, टक, टक. कडवं गेलं. गाणं संपलं.

"बघलास?" तो म्हणाला. "नारळाचो रस आसान एका धुण्यात साफ!"

मशीनचं चाक थांबलं. मी अबोलीकडे बघायला लागलो.

"ह्युबर्ट," ईडा म्हणाली, "चीर आयकलंस?"

"खंयची चीर?"

"तुझी."

तो हसला, मग हसायचा थांबला. त्याने सुई उचलून पुन्हा दुसऱ्या कडव्याच्या आधी ठेवली आणि कान प्लेअरच्या जवळ नेला. टक, टक, टक. मला ती पडवीच्या दारातून ऐकू येत होती. ह्युबर्ट तसाच वाकून वाट बघत राहिला. कडवं संपलं तरी वाट बघत राहिला.

"गेली वाटता," तो म्हणाला. "साबणान…"

ती कशानेच जात नाही हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

मग त्याने हळूच विचारलं, "ईडा, ती आसा मां?"

"आसा."

"वाजता?"

"वाजता रे."

ईडा उठली, त्याच्या शेजारी स्टुलावर बसली आणि त्याचा हात उलटा करून आपल्या मांडीवर घेतला. दुसऱ्या हाताने तिने सुई उचलून कडव्याच्या आधी ठेवली. जन्मात पहिल्यांदा तिने त्या प्लेअरला हात लावला, आणि ह्युबर्टने लावू दिला. कडवं सुरू झालं तशी ती अंगठ्याने त्याच्या तळव्यावर दाबत गेली. टक. टक. टक. ह्युबर्ट आपल्या हाताकडे बघत होता.

"आनी खरखर?" त्याने विचारलं.

ईडाने नखं त्याच्या तळव्यावर टेकवली आणि खरवडत राहिली. गाणं चालू होतं तोवर थांबलीच नाही.

"इतकी?"

"इतकी."

"कधीपासून?"

"चवतीपासून."

"आनी तू गप रवलंस?"

"तू केवढो खूश होतंस," ईडा म्हणाली. "एका धुण्यात साफ म्हणान नाचत होतंस. माझा त्वांडच उघडूक नाय."

ह्युबर्टने माझ्याकडे वळून बघितलं. "तुझी नाट्यगीताची?"

"भजी तळतत," मी म्हटलं. आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

तो खो-खो हसला. आणि हसता हसता त्याला रडू आलं. असं रडू आलं की त्याने माझ्या बापाचं धोतर ओढून तोंडाला लावलं. मीही रडलो, लपवू कशाला. ह्या माणसाच्या रेकॉर्डींवर मी इतकी वर्षं कुरकुर केली, आणि त्याचा कान गेला तर मला माझंच काही गेल्यासारखं वाटलं.

मग त्याने नाक पुसलं. धोतर बादलीत टाकलं, दुसरा तुकडा घेतला आणि म्हणाला, "पाणी आण गो. नारळ एका धुण्यात खंय जाता? माका कळूक व्हया होता."

त्या दुपारी त्यांनी मिळून ती रेकॉर्ड धुतली. हात ह्युबर्टचे, कान ईडाचे. प्रत्येक धुण्यानंतर रेकॉर्ड वाळली की ती लागायची आणि ईडा त्याच्या तळव्यावर लिहून दाखवायची. आधी नखं जोरात, मग हलकी, मग मधूनच एखादं. "हयसर?" तो विचारायचा आणि ब्रश घेऊन बरोबर तेवढ्याच रेघांवर फिरवायचा. ब्लाउजची लेस तशीच राहिली, चहा कुणी केला नाही. ऊन कलतीला आलं तेव्हा अख्खं गाणं वाजलं आणि ईडाची नखं उचललेलीच राहिली. फक्त दुसऱ्या कडव्यात अंगठा.

शुक्रवारी ते दोघं कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. डॉक्टर म्हणाले, वयामुळे बारीक, चढे आवाज गेलेत, मशीन लावली तर बोलणं बरं कळेल. ह्युबर्टने विचारलं, खरखर कळेल का? डॉक्टरांना हा प्रश्न काही समजला नाही म्हणे. परत आल्यावर त्याने चवथीपासूनच्या सगळ्या गिऱ्हाइकांना फोन लावले आणि रेकॉर्डी परत आणायला सांगितल्या. तो फोनवर इतक्या मोठ्याने बोलत होता की पाणंदीला सगळी बातमी कळली. सुरुवात माझ्या नाट्यगीतापासून करायची असं ठरलं.

शनिवारी मी त्यांना माझ्या गाडीतून बांद्याला नेलं. मंडपात साऊंडवाला गुरुप्रसाद म्हणून तरुण मुलगा होता. त्याने ह्युबर्टचा प्लेअर आपल्या यंत्राला जोडून दिला आणि बसायला खुर्ची दिली. ह्युबर्टने आधी पिशवीतून छत्री काढली आणि ती उघडून प्लेअरवर धरली. मंडपातले सगळे हसले. "हसा," तो म्हणाला, "पातेला पडला मगे परत माझ्याकडेच येतल्यात!" छत्री धरायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

ग्लेनिशा पाटावर बसली. बायकांनी तिच्या केसांवर नारळाचा रस ओतायला सुरुवात केली. ह्युबर्टने सुई सोडली आणि हात शेजारी ईडाकडे उलटा करून धरला. ईडाने तो धरला.

गाणं आलं. स्वच्छ आलं, इतकं की त्या बाईने ओळीच्या आधी घेतलेला श्वाससुद्धा मला ऐकू आला. पहिलं कडवं झालं. ईडाचा हात स्थिर होता. ह्युबर्ट तिच्या चेहऱ्याकडे नाही, ग्लेनिशाकडे नाही, आपल्या तळव्याकडे बघत होता. दुसरं कडवं सुरू झालं. ईडाचा अंगठा हलला. टक, टक, टक. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"जाग्यार आसा!" ह्युबर्ट म्हणाला. त्याला वाटलं, तो हळूच म्हणाला. सगळ्या मंडपाने ते ऐकलं.

"जातली खंय?" ईडा म्हणाली. गाणं संपलं, बायका पुन्हा पातेल्यांकडे वळल्या, तरी तिने त्याचा हात सोडला नव्हता.